दहावी-बारावीनंतर कॉलेजपर्यंत: मुलांनी आणि पालकांनी वारंवार विचारलेले प्रश्न

गेल्या सव्वा वर्षात नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या मुलांनी आणि पालकांनी फोनवर, पारावर, आणि एकदा राजूरच्या एसटीत मागच्या बाकावरून विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं ऑगस्ट २०२१ च्या अखेरची आहेत. तारखा आणि नियम या काळात इतक्या वेळा बदललेत की इथे वाचून थेट धावपळ करू नका. आधी आपल्या मेंटॉर ताईला किंवा दादाला एक फोन करा.

तुम्ही नेमकं करता काय?

नववी ते बारावीच्या प्रत्येक मुलाला एक मेंटॉर जोडून देतो. मेंटॉर म्हणजे कॉलेजात शिकणारी किंवा नुकतीच नोकरीला लागलेली ताई किंवा दादा, बहुतेक आपल्याच अकोले, संगमनेर, जुन्नर पट्ट्यातले. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी अर्ध्या तासाचा फोन. अभ्यास कुठे अडलाय, पुढे काय करायचंय, कोणता फॉर्म कधी भरायचा, कोणता दाखला काढायचा राहिलाय, घरात काय चाललंय, हे सगळं त्यात येतं. फोनच्या दोन्ही टोकांना एकेक शंभर पानी वही असते. बोलणं झालं की दोघांनीही तारीख टाकून चार ओळी लिहायच्या. वहीच्या शेवटच्या पानावर दाखल्यांची यादी.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आम्हाला वाटलं होतं, मुलांना शिकवणी लागेल. सुरुवातीचे दोन महिने झूमवर गणित शिकवलं. फुकटच्या झूमला चाळीस मिनिटांची मर्यादा, त्यातली पंधरा ‘सर, आवाज येत नाही’ म्हणण्यात जायची. पडद्यावर तीस नावं, बोलणारी चार, आणि ती चारही बाजाराच्या गावातली. वरच्या वाड्या-वस्त्यांवरची मुलं गणितापाशी अडलेलीच नव्हती. फॉर्म कधी निघतो, कुठे मिळतो, दाखला कुणाकडे मागायचा हे विचारायला त्यांना माणूस नव्हता. एरवी शाळेच्या व्हरांड्यात सर भेटायचे, एसटीत वरच्या वर्गातली मुलं भेटायची. ते दोन्ही बंद. मग आम्ही झूम सोडलं आणि फोन धरला.

फी किती?

काही नाही. आमच्या नावानं कुणी पैसे मागितले तर देऊ नका आणि आम्हाला कळवा. फॉर्मची सरकारी फी आणि दाखले काढायच्या सेतू केंद्रातला खर्च मात्र ज्याचा त्यानं करायचा. तोही जड जात असेल तर सांगायला लाजू नका.

आमच्याकडे स्मार्टफोन नाही. चालेल का?

चालेल, बटनाचा फोन पुरतो. फोन आम्ही करतो, त्यामुळे तुमचा बॅलन्स जात नाही. घरात एकच फोन असेल आणि तो वडिलांसोबत दिवसभर रानात जात असेल तर वेळ संध्याकाळी सातनंतरची घ्या. जुलैत भाताच्या आवणीच्या दिवसांत तर दुपारचा फोन आम्ही करतच नाही. चिखलात पाय रोवून उभ्या असलेल्या माणसाला ‘करिअरचं काय ठरवलंस’ विचारू नये, एवढं आम्हालाही कळतं.

आमच्या गावात रेंजच नाही. ऑनलाईन फॉर्म कसा भरायचा?

हा आमचा सगळ्यात जुना प्रश्न. तो कसा सुटतो ते एका प्रसंगावरून सांगतो.

गेल्या वर्षी बारावीचा निकाल १६ जुलैला लागला. त्यानंतर घाटघरच्या बाजूची एक मुलगी बी.एस्सी.चा फॉर्म भरत होती. त्यांच्या वस्तीवर फोन लागत नाही, पण वरच्या अंगाला एका कातळावर उभं राहिलं की दोन कांड्या येतात. बाहेर घाटावरचा ऑगस्टचा पाऊस. डोक्यावर आईचं इरलं, फोन दुधाच्या रिकाम्या पिशवीत, आणि पिशवीवरूनच बोटानं टाईप करणं चाललेलं. गुणपत्रकाचा फोटो चढवायला गेली की पडद्यावर उत्तर यायचं, फाईल मोठी आहे. फाईल लहान कशी करतात हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तीन दिवस ती कातळावर गेली आणि भिजून परत आली. तिसऱ्या दिवशी फोनवर रडली तेव्हा कुठे तिच्या ताईला हे कळलं.

त्यानंतर आम्ही एक पद्धत बसवली. राजूरला, अकोल्याला किंवा रेंज असलेल्या कुठल्याही गावी गेलात की कागदांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून द्या. फोटो दिवसा उजेडात, कागद सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असा काढा. फाईल लहान करणं आणि फॉर्म भरणं मेंटॉर आपल्या बाजूनं करेल. तुम्ही फक्त फोनवर हजर राहायचं, कारण ओटीपी तुमच्याच नंबरावर येतो.

पण ओटीपी कुणाला सांगू नका असं तुम्हीच म्हणता ना?

म्हणतो, आणि ही विसंगती आम्हालाही बोचते. म्हणून नियम असा आहे: प्रवेशाच्या फॉर्मचा ओटीपी फक्त आपल्या मेंटॉरला, फोन चालू असताना, आणि फॉर्म आपण स्वतः भरायला सांगितला असेल तरच. बँकेचा ओटीपी मेंटॉरलाही नाही, आम्हालाही नाही, कुणालाच नाही. फॉर्म झाला की त्याचा पासवर्ड वहीत लिहून ठेवा. पासवर्ड मेंटॉरकडे आहे आणि मुलाकडे नाही, असं आमच्याकडे घडलेलं आहे. चूक आमचीच होती.

आमच्या मुलीला परका मुलगा फोन करणार का?

नाही. मुलींना ताईच मिळते. फोन आई-वडिलांच्या नंबरावर येतो, पहिला फोन तर आधी तुमच्याशीच होतो. शेजारी बसून ऐकायचं असेल तर खुशाल ऐका. फक्त दहा मिनिटं तिला एकटीला बोलू द्या. काही गोष्टी मुलं आई-वडिलांसमोर बोलत नाहीत, आपणही बोलत नव्हतो. रात्री नऊनंतर फोन नाही आणि आम्हाला न सांगता परस्पर भेटणं नाही. एखाद्या मेंटॉरचं बोलणं खटकलं तर थेट समन्वयकांना सांगा. त्यासाठी पुरावा गोळा करत बसू नका.

मुलगा तर पास झालाय. दहावीला परीक्षाच झाली नाही, मग हे गुण आले कुठून?

२०२१ च्या दहावीला विषयाला शंभर गुण असे आले: नववीच्या निकालातून ५०, दहावीत वर्षभर शाळेनं घेतलेल्या लेखी मूल्यमापनातून ३०, आणि दहावीच्या तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनातून २०. निकाल १६ जुलैला लागला, राज्याचा ९९.९५ टक्के.

यात एक मेख आहे. या मुलांच्या नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही २०२० च्या टाळेबंदीत रद्द झाली होती. म्हणजे दहावीच्या निम्म्या गुणांचा आधार दिवाळीआधीच्या त्या एका सत्रापाशी जाऊन टेकतो. नववीचं पहिलं सत्र कुणी मनावर घेतं का? ज्याला त्या वेळी टायफॉईड झाला होता, जो बापाबरोबर नारायणगावला टोमॅटोच्या तोडणीला गेला होता, त्याचे गुण तिथेच गोठले. म्हणून कमी गुण पाहून मुलाला बोलू नका. आणि ९२ टक्के पडले असतील तर पेढे जरूर वाटा, पण अकरावी सायन्सचं पुस्तक घेण्याआधी दहावीच्या गणिताची उजळणी करा.

आणि बारावीचं?

दहावीतल्या सर्वाधिक गुणांच्या तीन विषयांची सरासरी ३० टक्के, अकरावी ३० टक्के, बारावीचं अंतर्गत मूल्यमापन ४० टक्के, हे लेखी भागासाठी. प्रात्यक्षिक आणि तोंडीचे गुण वेगळे. निकाल ३ ऑगस्टला लागला, ९९.६३ टक्के.

लोक ‘कोरोना बॅच’ म्हणून हसतात. हे गुणपत्रक पुढे चालेल का?

चालेल. गुणपत्रक मंडळाचं आहे आणि इतर कुठल्याही वर्षाच्या गुणपत्रकाइतकंच अधिकृत आहे. हसणाऱ्यांपैकी कितीजणांनी कातळावर उभं राहून फॉर्म भरलाय ते त्यांना एकदा विचारा.

अकरावीची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, होणार म्हणत होते, तिचं काय झालं?

रद्द झाली. २१ ऑगस्टला शंभर गुणांची ऐच्छिक परीक्षा ठरली होती, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं, प्रत्येकी २५ गुण. मुंबई उच्च न्यायालयानं १० ऑगस्टला ती रद्दबातल केली. आता अकरावीचे प्रवेश दहावीच्या गुणांवर. तयारी केलेल्यांची निराशा झाली हे खरं आहे. पण महिनाभर दहावीचा अभ्यास पुन्हा केलेली मुलं अकरावीत पुढे असतील, याबद्दल मला शंका नाही.

अकरावीला अकोल्यातच राहू की पुण्या-नाशिकला जाऊ?

यावर आमच्या मेंटॉरांमध्येच भांडणं होतात, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

आधी २०२१ चे नियम. मुंबई महानगर क्षेत्र, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती या महापालिका क्षेत्रांत अकरावीचे प्रवेश एकत्रित ऑनलाईन पद्धतीनं होतात. अकोले, संगमनेर, जुन्नर इथे थेट कॉलेजात अर्ज करायचा. शहरात अर्ज करत असाल तर फॉर्मचे दोन भाग असतात. पहिल्यात तुमची माहिती, दुसऱ्यात कॉलेजांचे पसंतीक्रम, कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा. खरा घात होतो तो पसंतीक्रमात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. तेव्हा पहिल्या नंबरावर मित्रानं सांगितलेलं नाव टाकू नका. जिथे खरोखर राहता येईल, रोज जाता येईल, फी झेपेल तेच नाव टाका. मागच्या वर्षीचा कट-ऑफ बघा, पण यंदा सगळ्यांचेच गुण फुगलेले आहेत, त्यामुळे तो वरच सरकेल असं धरून चाला.

आता आमचं मत. वसतिगृहं बंद, तासिका ऑनलाईन. अशा वेळी शहरात प्रवेश घेऊन गावातच बसायचं असेल तर वर्षाची फी शहराची आणि रेंज घाटघरची, असा प्रकार होतो. यंदा जवळच्या कॉलेजात अकरावी करा आणि बारावीनंतर शहर बघा, हा आमच्यातल्या बहुतेकांचा सल्ला. पण पुण्यात सख्खी मावशी आहे, तिच्या घरी जागा आहे आणि ती मनापासून ‘ये’ म्हणते आहे, तर जा.

सायन्सच घ्यावं का?

डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचं असेल आणि गणित-विज्ञान आवडत असेल तर घ्या. ‘पर्सेंटेज चांगले आहेत’ हे कारण यंदा अजिबात चालणार नाही.

दहावीनंतर आयटीआय आहे, तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा आहे. डिप्लोमा केला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि त्यासाठी सीईटी द्यावी लागत नाही. आमच्याकडे हे माहीत नसलेले पालक इतके भेटतात की पहिल्याच महिन्यात तो विषय काढायचा, असं मेंटॉरांना आता सांगूनच ठेवलंय. आर्ट्स घेतलं की ‘वाया गेला’ म्हणणाऱ्या काकांना तालुक्यातले तहसीलदार, फौजदार कोणत्या शाखेचे पदवीधर होते ते विचारून बघा.

दाखले कोणते लागतील? आत्तापासून काय काढून ठेवू?

हे उत्तर लांब आहे. चहा करून घ्या.

अकरावीच्या प्रवेशाला दहावीचं गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो, ज्याला सगळे एलसी म्हणतात. राखीव जागेसाठी जातीचा दाखला. ओबीसी, विमुक्त-भटके (व्हीजेएनटी), विशेष मागास (एसबीसी) असाल तर सोबत नॉन क्रिमीलेअर, म्हणजे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असल्याचं प्रमाणपत्र, आणि ते चालू आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असायला हवं. कपाटातलं जुनं काढून दाखवलं तर खिडकीवरूनच परत पाठवतात. अनुसूचित जाती-जमातींना नॉन क्रिमीलेअर लागत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे महादेव कोळी आणि ठाकर समाजातली कितीतरी मुलं सेतूत नाहक रांगा लावतात. शिष्यवृत्तीला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, त्यासाठी आधी तलाठ्याचा अहवाल. बारावीनंतर इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल अशा प्रवेशांना डोमिसाईल, म्हणजे वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचं प्रमाणपत्र.

सगळ्यात वेळखाऊ असतो जातीचा दाखला आणि त्यानंतरची जात वैधता, म्हणजे तो दाखला समितीनं तपासून खरा ठरवणं. जातीच्या दाखल्याला ठरावीक तारखेआधीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. म्हणजे आजोबा किंवा पणजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा निर्गम उतारा, म्हणजे त्यांच्या नावाच्या नोंदीची नक्कल. गेले नसतील, आणि आपल्या भागात बरेच गेले नाहीत, तर महसुलातल्या जुन्या नोंदी, गाव नमुना १४, कोतवाल बुक अशा जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची नक्कल. यातलं काही मोडी लिपीत निघालं तर वाचणारा शोधावा लागतो. आजी-आजोबा असतील तर आज रात्रीच त्यांच्याजवळ बसून विचारा की कोणत्या गावच्या शाळेत होता, नाव काय लावलं होतं. हा पुरावा सेतूत मिळत नाही, तो घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत असतो. आणि या साथीत आपण अशी बरीच माणसं गमावलीत.

जात वैधतेचा अर्ज सायन्सच्या मुलांनी अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करून टाकावा. निकाल लागल्यावर पळापळ केली तर समितीकडे तुमच्यासारखेच हजार जण असतात. अर्ज केल्याची पोचपावती जपून ठेवा, तिचाही दोन ठिकाणी उपयोग होतो.

आधारवर नाव ‘सोमा’, गुणपत्रकावर ‘सोमनाथ’. अडेल का?

अडतं, आणि नेमकं शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना अडतं. आधारमधली दुरुस्ती तुलनेनं सोपी. शाळेच्या रजिस्टरमधली चूक तुम्ही शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्त होऊ शकते, एकदा दाखला हातात पडला की फार अवघड. त्यामुळे नववी-दहावीच्या मुलांनी या आठवड्यात एवढं करा: आधार, शाळेतलं नाव आणि बँकेचं पासबुक शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. वडिलांचं नाव आणि जन्मतारीखसुद्धा.

शिष्यवृत्ती कोणती मिळेल?

बहुतेक योजना राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर आहेत. अनुसूचित जमातीच्या मुलांना अकरावीपासून भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही तर बारावीनंतर शहरात राहण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी तशीच डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. आपल्याकडच्या आदिवासी योजनांची चौकशी राजूरच्या प्रकल्प कार्यालयात होते. आर्थिकदृष्ट्या मागास घरातल्या, व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झालेल्यांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण दरवर्षी अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं. ते विसरल्यामुळे पैसे थांबलेली मुलं आम्हाला भेटत असतात.

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं, त्या खात्यात. बाजारात कुणी फुकट सिम किंवा रिचार्जच्या नादानं अंगठा घेऊन नवं खातं उघडून दिलं असेल तर शिष्यवृत्ती तिकडे जाऊन बसते आणि तुम्ही जुनं पासबुक घेऊन बँकेच्या दारात. हे आमच्या एका मुलाच्या बाबतीत घडलं. पैसे सापडायला चार महिने लागले.

सीईटी, नीट, जेईई मराठीतून देता येते का?

नीट २०१७ पासून मराठीतून देता येते. जेईई मेन यंदा, २०२१ पासून, मराठीसह तेरा भाषांत आहे. एमएचटी-सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मराठीत घेता येतं, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच. अकरावी-बारावी सायन्स आपल्याकडे इंग्रजीतच शिकवतात, त्यामुळे परीक्षेत अचानक मराठी निवडली तर ‘संवेग’ म्हणजे मोमेंटम हे आठवण्यातच वेळ जातो. भाषा निवडण्याआधी दोन्हींतून एकेक जुनी प्रश्नपत्रिका सोडवून बघा.

यंदाची नीट १२ सप्टेंबरला आहे, एमएचटी-सीईटी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. नीटमध्ये चुकलेल्या उत्तराला एक गुण जातो, तिथे अंदाजपंचे चालत नाही. सीईटीत साधारण २० टक्के भाग अकरावीचा असतो, तोही मार्कांच्या दृष्टीनं फुकटचा नाही. केंद्र लांब आलं असेल तर आदल्या दिवशीच जा. पहाटेच्या एसटीच्या भरवशावर राहू नका.

मोबाईलवर अभ्यासाला बसतो आणि गेममध्ये अडकतो. काय करू?

फोन घरच्यांकडे द्या आणि पुस्तकातून अभ्यास करा. यंदाही २५ टक्के अभ्यासक्रम कमी केलेला आहे. कोणते धडे वगळलेत ते पुस्तकात पेन्सिलीनं खूण करून घ्या, निम्मी भीती तिथेच जाते.

मुलगा कामाला लागलाय. आता कशाला शिकेल?

कामाला लागला म्हणून आम्ही त्याचं नाव काढत नाही. वीटभट्टी, टोमॅटो, हॉटेल, जिथे असेल तिथे फोन करतो, फार तर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी. त्याच्या कमाईवर घर चाललं असेल तर ‘शिक्षण महत्त्वाचं’ असलं भाषण आम्ही देत नाही. फॉर्म भरून ठेवतो, दाखले चालू ठेवतो, म्हणजे परत यायचं ठरवलं तर एक वर्षच गेलेलं असतं, तीन नाही. बारावी बाहेरून सतरा नंबरच्या फॉर्मनंही देता येते.

मुलीचं लग्न ठरवताहेत. ती अजून सतराची आहे.

तुम्ही स्वतः ती मुलगी असाल, मैत्रीण असाल किंवा शेजारी, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाईनवर फोन करा. तो चोवीस तास चालतो आणि पैसे पडत नाहीत. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकावर जबाबदारी असते. टाळेबंदीत दहा माणसांत लग्न उरकतं म्हणून कर्ज होत नाही, हे गणित अनेक घरांनी मांडलं. आम्ही पालकांशी बोलतो, आणि खूपदा नुसतं ‘बारावी होऊ द्या’ एवढंच मागतो. दोनदा ऐकलं. एकदा नाही ऐकलं.

घरात कोरोनानं माणूस गेलंय. मुलगा बोलतच नाही.

फोन आला तरी बोलायची सक्ती नाही. एका मुलाचा मेंटॉर दादा सलग पाच रविवार फोन करायचा आणि दोघं मिळून क्रिकेटचा स्कोअर बघायचे, बाकी काही नाही. सहाव्या रविवारी मुलानं विचारलं, पप्पांचा मृत्यूदाखला कुठून काढायचा.

कागदांचं म्हणाल तर आई-वडील दोघंही गेले असतील तर राज्य सरकारची पाच लाख रुपयांच्या मुदत ठेवीची योजना आहे. एक पालक गेला असेल तरी बालसंगोपन योजनेचा अर्ज करता येतो. दोन्हीसाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांचं कार्यालय. अर्ज भरायला मेंटॉर सोबत असेल. मृत्यूदाखला आणि दवाखान्याचे कागद फाईलला लावून ठेवा, कितीही नकोसे वाटले तरी.

चांगल्या कॉलेजात प्रवेशाची हमी देता का?

नाही.

मला मेंटॉर व्हायचंय. काय लागतं?

आठवड्यातून एक तास आणि वर्षभर टिकायची तयारी. फार हुशार असण्याची अट नाही. बारावीत एक विषय राहिलेले दादा आमच्याकडे आहेत आणि मुलं त्यांच्याशी जास्त मोकळं बोलतात. पहिल्या महिन्यात सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं आणि लिहायचं. इथेच बरेच जण गळतात. ‘मी तुझ्या जागी असतो तर’ हे वाक्य सुचलं की जीभ चावा.

माझ्या ताईला बंगळूरला नोकरी लागली. आता माझं काय?

नवी ताई मिळेल. बदल होताना एक फोन तिघींचा होतो: जुनी ताई, नवी ताई आणि तू. जुनी ताई आपल्या वहीतलं शेवटचं पान वाचून दाखवते, नवी ते आपल्या वहीत उतरवून घेते, आणि काही राहिलं असेल तर तू सांगायचं. मागच्या वेळी असंच वाचन चाललं होतं आणि मध्येच एक मुलगी म्हणाली, ताई, नॉन क्रिमीलेअर त्यात लिहू नकोस, मला ते लागत नाही.